आधी फ्रिज, मग फोन

मी एक फ्रिज आहे. अकरा वर्षं या घरात उभा आहे आणि तब्येत अजून ठणठणीत आहे. तीन माणसांचं पोट सांभाळायचं काम माझं. पण ही माणसं मला ते करू देतील तर ना!

मुलगा शाळेची बस चालवतो, सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, आणि मुलाची आई निवृत्त. आईंनी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, आणि आता त्यांनाच ऐकू येईनासं झालं. कोणी काही बोललं की त्या नुसत्या हसायच्या आणि आपल्या खोलीत जाऊन बसायच्या. डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगून वर्ष झालं होतं. "पुढच्या महिन्यात नक्की घेऊ," असं मुलगा दर महिन्याला म्हणायचा, आणि अगदी मनापासून म्हणायचा.

आता माझ्या पोटातलं सांगतो. रविवारी ही मंडळी पिशव्या भरभरून भाजी आणायची. या आठवड्यात घरीच जेवायचं, असं ठरायचं. सोमवारी दोघं दमून यायची, माझं दार उघडायची, पालकाकडे बघायची, आता हा निवडणार कोण म्हणून दार लावायची आणि फोन काढायची. अर्ध्या तासात बर्गर हजर. शनिवारी काळा पडलेला पालक कचऱ्यात, आणि त्याच्या जागी उरलेला पिझ्झा. एकाच जेवणाचे दोनदा पैसे मोजायचे, ही कुठली रीत?

एका बुधवारी दोघांनाही उशीर होणार होता. "जेवण मागवलंय, थांब," असा मुलाने आईंना मेसेज केला. जेवण घेऊन माणूस आला, बेल वाजवून वाजवून परत गेला. पैसे गेले ते गेलेच. आई बिचाऱ्या टेबलाशी वाट बघत बसून राहिल्या.

घरी आल्यावर मुलगा चिडला. "अगं, बेल ऐकू नाही आली तुला?" तो ओरडूनच म्हणाला, म्हणून त्यांना ते ऐकू आलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "मशीन असतं तर आली असती."

टोमणा नव्हता तो. विचारलं त्याचं सरळ उत्तर होतं. पण मुलाचा चेहरा पडला. सुनेने फोन उघडून बाहेरच्या जेवणाची तीन महिन्यांची बिलं जोडली. त्यात मशीन आरामात बसत होतं, वर थोडे उरतही होते. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

पुढच्या रविवारी भाजी कमी आली, आणि आल्या आल्या तिघांनी मिळून निवडून, चिरून डब्यांत भरली. पातेलंभर सूप करून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. आधी फ्रिज बघायचा, मग फोन, असं ठरलं. मुलगा बसवर जाताना उकडलेली अंडी आणि ब्रेड नेऊ लागला. बाहेरचं महिन्यातून एकदा, तेही तिथे जाऊन, कारण घरपोच मागवलं की त्याचे वेगळे पैसे पडतात. दुसऱ्याच आठवड्यात ठरलेली गाडी रुळावरून घसरली आणि नूडल्स आले, नाही असं नाही. पण चिरलेली भाजी समोर दिसली की माणूस निम्मा तिथेच वळतो. तुमच्याकडेही करून बघा.

चौथ्या महिन्यात मशीन आलं. सुनेने ते आईंच्या कानात बसवलं आणि हळूच विचारलं, "आई, येतंय ऐकू?"

आई उठून माझ्यापाशी आल्या आणि माझ्या दारावर हात ठेवला.

"हा केवढा घरघरतो रे! कधीपासून?"

"झाली पाच-सहा वर्षं," मुलगा म्हणाला. "जुना झालाय. आता पैसे वाचतायत, नवा घेऊ या."

"नको," त्या म्हणाल्या. "दुपारी घरात मी एकटीच असते. असू दे त्याचा आवाज."

आता दुपारी त्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून पालक निवडत बसतात. मी घरघरतो, त्या ऐकतात. मला एवढ्यात विकू नका, इतकंच मागणं आहे.