लास्याची गौरम्मा

आमच्या गावच्या बालवाडीत मी तेहतीस वर्षं मुलं सांभाळली. एखादं मूल हटून बसलं, की दुसऱ्या बाई त्याला माझ्याकडे पाठवायच्या. मी खाली बसायची, "काय झालं?" विचारायची आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायची. एवढीच माझी विद्या. त्या संध्याकाळी तळ्यावर तेवढीही वापरली नाही.

बतुकम्माचा, आमच्या तेलंगणातल्या फुलांच्या सणाचा, शेवटचा दिवस होता. माझी पाच वर्षांची नात लास्या सकाळपासून फुलांतच बसलेली. आम्ही मोठ्या ताटात तरवड, कुरडू, झेंडू यांचे थर रचून बतुकम्मा केली, तशी तिने एका बशीत छोटी केली. शेंड्यावर हळदीच्या गोळीची गौरम्मा, म्हणजे गौर, बसवली, बोटाच्या पेराएवढी.

"नानम्मा, हिलापण पाण्यात सोडायचं?"

"नाही गं. पाण्यात फक्त फुलं. गौरम्माला आधी काढून घ्यायचं, तिची हळद गालाला लावायची. तिला कधी बुडवत नाहीत."

तिने मान डोलावली.

तळ्यावर फेर झाले, गाणी झाली. बायकांनी आपापल्या गौरम्मा उचलून घेतल्या आणि फुलं पाण्यावर सोडली. अंधारून येत होतं. लास्या मात्र शेवटच्या पायरीवर, दोन्ही हातांनी बशी छातीशी घट्ट धरून उभी.

"सोड गं बाळा."

"नाही."

"सगळ्यांच्या गेल्या बघ."

"आत्ता नाही. तू आधी..."

"आधी नाही नि नंतर नाही. सोड म्हटलं ना!"

मागून शेजारची सत्तव्वा हसली. "काय हो टीचरम्मा, गावची पोरं वळणावर आणलीत, अन् घरचं चिमुरडं ऐकेना?"

"गावाची टीचर, नातीची चाकर!" आणखी कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्याच हसल्या.

त्यात वाईट काही नव्हतं. मला मात्र ते लागलं. मी लास्याची बोटं एकेक करून सोडवली, बशी ओढून घेतली आणि पाण्यावर कलती केली. कुरडूचे तुरे जरा वेळ दिसले, मग तेही गेले.

ती रडली नाही. प्रसादाचा मलिदा दिला, तो हातातच राहिला. बायका एकमेकींच्या गालांना हळद लावू लागल्या. मीही माझ्या गौरम्माची हळद बोटावर घेऊन तिच्याकडे वळले, तर तिने तोंड फिरवलं.

"नानम्मा, गौरम्माला पोहता येतं?"

मी रिकाम्या बशीकडे पाहिलं. मग पाण्याकडे. आता काहीच दिसत नव्हतं.

"तूच म्हणालीस, तिला काढून घ्यायचं. माझे दोन्ही हात बशीला होते."

"चुकलं गं माझं," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं."

घरापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढेच चालली.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा बतुकम्मा रचली, आधीपेक्षा उंच. मी वर्षभर मनाशी ठरवून ठेवलं होतं. पायरीवर तिच्यासमोर खाली बसले, तळहात पुढे केला. "थांब, आधी गौरम्मा काढून घेऊ."

शेंड्यावर नुसता झेंडू होता.

"तिला आणलंच नाही," लास्या म्हणाली. "घरी ठेवलंय." आणि मी सांगायच्या आतच तिने फुलं पाण्यावर सोडून दिली.

"बघा टीचरम्मा," सत्तव्वा म्हणाली, "आता कशी शहाण्यासारखी ऐकते!"

माझा तळहात तसाच पुढे राहिला होता.