तीस सेकंदांची मर्यादा

हरवलेल्या माणसांच्या नोंदी दवाखान्यांच्या आणि निवाऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहायला सर्व्हरला सतरा तास लागायचे. नव्या इंजिनिअरने ते काम चाळीस मिनिटांवर आणलं, आणि ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सहा वर्षं सर्व्हर त्यांनीच सांभाळला होता. ऑफिसात सगळे त्या इंजिनिअरला सुसाट म्हणत. ते काही कौतुकाने नव्हे.

"वगळलंस काय, ते सांग," ताई म्हणाल्या.

"काही नाही, ताई. आधी सगळ्यांची सगळ्यांशी तुलना व्हायची. आता उच्चाराने जवळची नावं आधी वेगळी काढतो, मग फक्त त्यांचीच बारकाईने तुलना."

"आणि जुळण्या तिप्पट झाल्या? कमी बघून जास्त सापडतं होय रे? आम्ही काय इथे माशा मारत होतो?"

सुसाटने नजर चुकवली. त्या नजर चुकवण्याने ताईंचा संशय पक्का झाला.

चोर पकडायचा हुकमी उपाय त्यांच्याकडे होता: धाकट्या भावाची नोंद. सहा वर्षांपूर्वी घरात भांडून गेला, तो गेलाच. त्याच्यासाठीच तर त्यांनी ही नोकरी धरली होती. दर सोमवारी त्या ती नोंद उघडत आणि उत्तर येई शून्य. आज काही निघालं, की पठ्ठ्याचं पितळ उघडं पडणार होतं.

एक जुळणी निघाली.

"बघ! खोटी!" म्हणत त्यांनी ती उघडली. नाव जरा वेगळं लिहिलेलं, वय जवळपास तेच. खूण: डाव्या भुवईत जुने तीन टाके. लहानपणी रागाच्या भरात डब्याचं झाकण ताईंनीच फेकून मारलं होतं.

"मग आधी का नाही आलं हे?" त्यांनी विचारलं.

सुसाटने खाली मान घालून जुनी सेटिंग दाखवली. एका नोंदीचा शोध तीस सेकंदांत संपला नाही, तर सर्व्हर तो अर्धवट सोडून द्यायचा आणि तोवर सापडलं असेल तेवढंच दाखवायचा. काहीच नसेल तर शून्य. "तुम्हाला कसं सांगावं, तेच कळेना," तो म्हणाला.

सेटिंगपुढे ताईंचंच नाव होतं. सर्व्हर सारखा बंद पडतो म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांनी ही मर्यादा घातली होती आणि विसरून गेल्या होत्या.

नोंद निवाऱ्यातली होती, पाच वर्षांपूर्वीची. ताईंनी शेवटच्या ओळी वाचल्या. "अकरा महिने मुक्काम. तापाने मृत्यू. नातेवाईक: शोध घेतला, आढळले नाहीत."

अकरा महिन्यांत सोमवार किती, हे ताईंना मोजायचं नव्हतं. बोटं मात्र मोजू लागली होती.