वरच्या दांड्यावरचा पाय

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याची गोष्ट. आंजी गावच्या तानबाच्या वावरात सकाळपासून अर्धा गाव जमला होता. वावर सात एकरांचे, माती काळीभोर, पण कित्येक वर्षे पडीक. कारण कुंदा. या गवताच्या मुळ्या हातभर खोल जातात, आणि बैलांचा नांगर वरवर फिरला की ते जास्तच जोमाने फुटते. घरचे वावर असून तानबाची बायको आनंदाबाई दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाई. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नसे. फक्त संध्याकाळी परतताना आपल्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जराशी थांबे. तेवढे थांबणे तानबाच्या जिवाला फार लागे.

आसपासच्या गावांनी मिळून एक लहानसा करडा ट्रॅक्टर घेतला होता. आंजीच्या पाळीचा आज शेवटचा दिवस. उद्या तो हिंगणीला जायचा, तो पुढच्या वर्षीच परत यायचा. आणि तो चालवणारा घनश्याम म्हणजे तानबाचा नवा जावई. तानबाची छाती सकाळपासून फुगलेली होती ती त्यामुळेच.

घनश्यामने नांगर जोडला. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन लोखंडी हात होते आणि त्यांच्यावर मधोमध तिसरा दांडा. बसायच्या जागेजवळचा खटका हलवला की पोटातल्या तेलाच्या दाबाने ते हात अख्खा नांगर अलगद उचलत. याला घनश्याम हायड्रॉलिक म्हणे. गावाने हा शब्द दोनदा घोळवून पाहिला आणि सोडून दिला. उचलणे मात्र सगळ्यांना आवडले. लोकांनी ते चार वेळा करून दाखवायला लावले.

पण नांगर जमिनीवर टेकला आणि ट्रॅक्टर चालू लागला, तेव्हा फाळ आत शिरेना. मातीवर नुसती रेघ ओढत गेला.

शेजारचा रूपराव धुऱ्यावरून म्हणाला, "तानबाजी, जवाई गुणाचा भेटला, पण नांगराले दातच नाई दिसत."

तानबाला हे झोंबले. जन्मभर त्याने वखर हाकला होता. वखर वरवर सरकू लागला की माणूस त्यावर उभा राहतो आणि त्याची पास, म्हणजे खालचे लोखंडी पाते, जमिनीत उतरते. यात विचार करण्यासारखे काय आहे? त्याने धोतर खोचले, नांगराच्या सांगाड्यावर चढला, डावा पाय त्या वरच्या दांड्यावर रोवला आणि म्हणाला, "हाका, बापू."

घनश्यामने मागे वळून त्या पायाकडे पाहिले आणि ट्रॅक्टर हाकला. फाळ चार बोटे आत गेला आणि लगेच वर आला. पुन्हा गेला, पुन्हा वर आला. तानबाला वाटले, वजन कमी पडते. त्याने रूपरावला बोलावले. मग दोघांच्या मध्ये एक धोंडाही आला. जितके वजन वाढे, तितका नांगर चटकन वर उचलला जाई. दोघे म्हातारे पाळण्यात बसल्यासारखे वरखाली होत होते, आणि धुऱ्यावरच्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. आनंदाबाई तेवढी हसत नव्हती.

घनश्यामने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि त्या वरच्या दांड्याकडे वाकला. दांड्याच्या मधली नळी फिरवली की तो आखूड होई, आणि त्याने फाळाचे टोक खाली झुके. नेमका त्या नळीवर सासऱ्याचा पाय. जावयाचा हात पायाजवळ आलेला पाहून तानबाला भरून आले. त्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणून आशीर्वाद दिला.

घनश्याम तसाच परत गेला. असे आणखी एकदा झाले. दुसऱ्या आशीर्वादाला तानबालाही जरा नवल वाटले, पण पोरगा संस्कारी आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

ऊन चढले. आनंदाबाई भाकरीचे टोपले घेऊन घराकडे निघायच्या बेतात उठली, तशी तानबाची उमेद खचली. तेव्हा घनश्याम जवळ आला. लाजून त्याचे कान लाल झाले होते.

"मामाजी, तुमी मांगं उभे राहता हे काई मले बरं नाई वाटत. तुमी वर या. खटका तुमच्या हातानं पडू द्या."

मानाचे बोलावणे होते. तानबा चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसला. त्याला तिथे पाहून रूपरावही उतरला आणि न बोलावता दुसऱ्या चाकावर बसला. धोंड्याशी कोणाचे नाते नव्हते. घनश्यामने तो उचलून धुऱ्यावर फेकला. मग भराभर नळी फिरवली आणि येऊन गाडी चालू केली.

तानबाने खटका खाली केला. मागे घसघस असा आवाज झाला. त्याने वळून पाहिले, तर फाळ दिसतच नव्हता. तो पुरता जमिनीत होता, आणि ढेकळांच्या बरोबर कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या दोरखंडासारख्या वर येत होत्या.

वावराच्या टोकापर्यंत तो वळून वळून त्या मुळ्या पाहत होता. मग त्याने विचारले, "बापू, मी उभा राहलो म्हनून सकाळ वाया गेली काय?"

घनश्याम समोरच पाहत राहिला. "ओढ जास्त झाली का हे मशीन आपोआप नांगर वर घेते, मामाजी. त्याले वजन चालत नाई."

"मंग सांगाचं नाई काय?"

"तुमाले उतरा म्हनू?"

तानबा इतका हसला की रूपरावने घाबरून पत्रा घट्ट धरला.

दिवस मावळायला वावर संपले. आनंदाबाई उपटून आलेल्या मुळ्यांचा भारा धुऱ्यावर टाकत होती. तानबा नांगराच्या शेवटच्या तासात, त्या खोल सरीत, उभा राहिला, तर माती पोटरीपर्यंत आली.

"पराटी लावू," कापूस डोळ्यांपुढे आणून तो म्हणाला.

"तूर," ती म्हणाली.

"काऊन तूर?"

मग त्या वावरावरून दोघांचे असे कडाक्याचे भांडण जुंपले की घनश्याम संकोचून ट्रॅक्टरपाशी गेला आणि उगाचच चाकांची माती काढत बसला.