पेटीच्या मापाचं तुंपंग

जावातल्या बांडुंगच्या वरच्या अंगाला, डागोच्या चढावर, भरदुपारी धुकं उतरलं की रेंगानिसला आपलं संशोधन खरं वाटू लागे. लख्ख उन्हात ते जरा अवघड जाई. ती ज्या रचनांचा अभ्यास करत होती त्या केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या होत्या आणि तिने त्या कधीच पाहिल्या नव्हत्या. पाहण्याचं काम दुसऱ्यांचं. पाहिलंत तर असं असं दिसेल, एवढं गणिताने सांगणं हे तिचं काम.

विषय तसा घरगुती होता. दोन जातींचे लांबलचक रेणू, एकमेकांचं तोंडही न पाहणारे, पण टोकाला टोक कायमचं जोडलेलं. वेगळं होता येत नाही आणि एकत्र राहवत नाही, अशा अवस्थेत ते जी काही मांडामांड करतात तिचे नकाशे रेंगानिस काढत असे. बहुतेक वेळा ते पट्टे करून राहत. एक थर याचा, एक थर त्याचा, मधे भिंत. बऱ्याच संसारांत हेच होतं, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं.

हे रेणू असंख्य. संगणकात मावणार किती? म्हणून एक इवलीशी पेटी घ्यायची आणि समजायचं, की शेजारीही हुबेहूब हीच पेटी आहे, तिच्या शेजारीही हीच, खाली-वर, अनंतापर्यंत. उजव्या भिंतीतून जो बाहेर पडेल तो डाव्या भिंतीतून आत येईल. पीएचडीच्या पाचव्या वर्षी माणूस हे नुसतं समजत नाही, त्यात राहू लागतो. गल्लीच्या खालच्या टोकाला वडापची हिरवी गाडी दिसेनाशी झाली, की रेंगानिस मान वळवून वरच्या टोकाकडे बघे. आणि धुक्यातून हिरवी गाडी येईच. असेल दुसरी, पण ते सिद्ध कोण करणार?

अशाच एका दुपारी पडद्यावर शंकू उगवले. पट्टे नव्हेत, शंकू. टोकं वर करून, शिस्तीत, दूरवर उभे. ती कितीतरी वेळ त्यांच्यामधून हिंडत राहिली. पायाखाली काही नव्हतं आणि पडायची भीतीही नव्हती.

तिचे मार्गदर्शक यायात, तिकडे सरांना म्हणतात तसं पाक यायात, यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला जवळजवळ नाक लावलं. त्यांची हयात पट्ट्यांमध्ये गेली होती, आणि सत्र संपलं की ते निवृत्त होणार होते.

"तुंपंग!" ते म्हणाले.

पिवळ्या भाताचा तो सुळका कुठल्याही शुभकार्यात केळीच्या पानावर उभा असतो. नाव इतकं चपखल बसलं की चहाच्या वेळेपर्यंत सगळा मजला 'तुंपंग रचना' म्हणू लागला. विभागाने सेमिनार ठरवला. सेमिनारला खरोखरचं तुंपंग मागवायचंही ठरलं. आता शोध मागे घ्यायचा तर भातही मागे घ्यावा लागणार होता.

रेंगानिसच्या शेजारच्या टेबलावर तोगार बसे. तो उत्तर सुमात्राचा, बाताक. बाताक लोक पोटातलं ओठावर आणतात आणि रेंगानिसचे सुंडानी लोक ओठावरचंही गिळतात, याबद्दल दोन्हीकडे एकमत आहे.

"नीस, पेटी ताणून पाहिलीस का गं?"

"कुठली पेटी?"

"माझ्या आजीची, दागिन्यांची! अगं, ही. लांबीचा आकडा बदललास का?"

"नाही बांग," ती म्हणाली. बांग म्हणजे दादा. "तो पाकांचा आकडा आहे."

"म्हणजे देवाचा?"

"तिथे लिहिलंय ना, बघ."

खरंच लिहिलं होतं. पाक यायातांनी तरुणपणी लिहिलेला तो प्रोग्रॅम एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे असा घरातल्या पातेल्यासारखा उतरत आला होता. यंत्रं बदलली, भाषा बदलली, पण पेटीच्या लांबीपुढची ओळ तशीच राहिली: 'हा आकडा बदलू नये. यायात.' त्याला हात लावणं म्हणजे पमाली, करू नये ते. उंबऱ्यात बसणं जसं पमाली, तसंच. कारण विचारणं हेही पमालीच.

"माझं काय जातंय," तोगार म्हणाला. "भात खायला मी येणारच. पण साच्यातून काढला की तो उभा राहतो का, ते आधी बघ म्हटलं."

सेमिनारच्या आदल्या दिवशी, सगळे जेवायला गेल्यावर, रेंगानिसने तो आकडा बदलला. थोडासाच. मनातल्या मनात माफीही मागितली. कुणाची, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पेटीने श्वास घेतला. शंकू काही वेळ उभे राहिले. मग एक कलला, शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा. मग तो शेजारी. वाऱ्याने पिकलेलं शेत कलावं तसे सगळे सावकाश कलत गेले, एकमेकांत विरत गेले, आणि विरून झाल्यावर तिथे पट्टे होते. तेच ते, जुने, सगळ्यांना ठाऊक असलेले. ऊर्जा आधीपेक्षा कमी झाली होती, म्हणजे रेणूंना आता बरं वाटत होतं. इतके दिवस ते शंकू होऊन उभे होते ते निव्वळ जागा अडनिडी होती म्हणून.

आणि तिला तो ऱ्हास फार सुंदर वाटला. तिने तो परत लावून पाहिला. मग ती पाक यायातांच्या खोलीत गेली.

"पाक, जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो. पाऊस येणारसं दिसतंय."

"येईल."

"सुकाबुमीला असतो तो नातू बरा आहे ना?"

"नेंग," पोरी म्हणावं तसं पाक म्हणाले, "तू माझ्या नातवापर्यंत पोचलीस म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय. दाखव."

तिने दाखवलं. शंकू कलले, विरले. पाकांनी पेटीच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"हा आकडा ठरवला कुणी?"

"तुम्ही, पाक."

"मी?" त्यांनी छताकडे पाहिलं. "हां. तेव्हाच्या यंत्रात याहून मोठी पेटी मावायची नाही. ते तापायचं, जळका वास यायचा. म्हणून लिहून ठेवलं. आणि तुम्ही कुणी बदललाच नाहीत?"

"पमाली वाटलं."

"म्हणजे इतकी वर्षं आपण रेणूंचा नाही, माझ्या जुन्या यंत्राचा अभ्यास केला."

हसावं की नाही हे न कळून रेंगानिस चपलांकडे बघत राहिली.

"हे सांगितलंस तर या सत्रात पदवी नाही," पाक म्हणाले. "पुढच्या सत्रात मी नाही. आणि विभागात कुणाला ताणून बघायची सवय नाही. गप्प राहिलीस तर खपून जाईल."

त्यांच्या आवाजात सल्ला होता, परीक्षा होती की नुसता दमलेपणा, ते तिला कळेना.

"पाक, ते कलतात ना," ती म्हणाली, "मला उद्या तेच दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी भाताच्या सुळक्याशेजारी उभं राहून तिने ते दाखवलं. दिवे मालवले होते. शंकू कलले, विरले. पेटी कुणाची, आकडा कुणाचा, हे ती सांगणार एवढ्यात पाक यायात उठले आणि म्हणाले, "माझा."

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "म्हणजे तुंपंग नाही?"

"नाही, पाक," रेंगानिस त्यांना म्हणाली.

"मग हे?" त्यांनी भाताकडे बोट केलं.

"हे आहे," पाक यायात म्हणाले. "फक्त याला कुणी ताणू नका."

हशा झाला. मागून तोगार ओरडला, "नीस, पुन्हा लाव गं! कलतानाचं!" तिने पुन्हा लावलं.

रिवाजाप्रमाणे तुंपंगचा शेंडा तिने कापला आणि दोन्ही हातांनी पाक यायातांना दिला. उरलेला भात बाजूला ढासळला आणि लोक त्यावर तुटून पडले.

जेवणानंतर पाक तिच्या टेबलाशी आले. चष्मा लावून, एका बोटाने, त्यांनी आपली ती ओळ पुसली. मग आकडा पुसला. रिकाम्या जागी कर्सर उघडझाप करत राहिला.

"आता किती घालू, पाक?"

"मला काय विचारतेस, नेंग? रेणूंनाच विचार."

पुसायच्या बटणावर पाकांच्या बोटाचा हळदीचा पिवळा डाग राहिला. तो पुसू नये असं कुणी म्हणालं नव्हतं. पण कुणी पुसलाही नाही.