गरीबदास

मखमलाबादच्या कुसाबाईंकडे आधी जो कोंबडा होता, त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. नाव ठेवायला निदान जवळ तरी जाता यायला हवं. गॅसवाला फाटकाबाहेरूनच ओरडायचा, "आजी, आधी त्याला धरा, मग टाकी आत आणतो!" आणि बहात्तर वर्षांच्या कुसाबाई पातेल्याचं झाकण ढालीसारखं पुढे धरून अंगणात उतरायच्या.

शेवटी त्या कोंबड्याने कुसाबाईंच्या सुनेच्या, साधनाच्या, पोटरीत पायाचा काटा घुसवला. साधना सरकारी दवाखान्यात नर्स. तिने आपली जखम आपणच धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि लंगडत येऊन म्हणाली, "आई, या घरात एक तर तो राहील, नाहीतर मी."

कुसाबाईंनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. पण त्याच संध्याकाळी कोंबडा पोत्यात घालून त्यांच्या भावाकडे, पिंपळगावला, रवाना झाला. आठवड्यात भावाचा फोन आला. द्राक्षं न्यायला आलेला टेम्पोवाला टपावर चढून बसला होता आणि काही केल्या खाली उतरत नव्हता.

अंगणात शांतता झाली, पण ती माणसांपुरती. नऊ कोंबड्या एकमेकींच्या जिवावर उठल्या. दाणे टाकले की मारामारी, संध्याकाळी खुराड्यात शिरताना मारामारी. दोघी तर रागावून शेजारच्या द्राक्षबागेत अंडी घालायला लागल्या. त्या बागेत पेठ तालुक्यातून आलेली भागीबाई कामाला होती. दिवाळीला गावी जाऊन ती परत आली तेव्हा तिच्या काखेत एक डालगं होतं आणि डालग्यात तांबूस रंगाचा, काळ्या-हिरव्या शेपटीचा कोंबडा. तुरा एका बाजूला कललेला.

"मारतो का?" कुसाबाईंनी लांबूनच विचारलं.

"नाय गं मावशी. माझी नात याला पोटाशी घेऊन निजायची."

कुसाबाईंनी खात्री करायला झाकण पुढे केलं. कोंबड्याने झाकणाकडे पाहिलं, कुसाबाईंकडे पाहिलं आणि दोन पावलं बाजूला सरून त्यांना वाट करून दिली.

"हा कोंबडा हाय का नवा जावई?" कुसाबाई म्हणाल्या. "लयच गरीब दिसतो." झालं. नाव पडलं गरीबदास.

पहिले दोन दिवस नऊजणींनी मिळून गरीबदासला टोचून काढलं. तो तुळशीमागे उभा राहून सगळं सोसत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला एका जुन्या फळीखाली वाळवी सापडली. आता कोणीही अशा वेळी गुपचूप खाईल. पण हा तिथेच उभा राहिला आणि 'कुट् कुट् कुट्' करून सगळ्यांना हाका मारायला लागला. सगळ्यात म्हातारी, एका पायाने अधू असलेली काळी कोंबडी संशयानेच पुढे आली. त्याने एक किडा चोचीत उचलला, तिच्यापुढे ठेवला आणि मागे सरला. तिने खाल्ला. मग दुसरी आली. आठ दिवसांत त्या नऊजणी त्याच्या मागून अंगणभर अशा हिंडायला लागल्या, जशी शाळेची सहल.

तो स्वतः उपाशी राहतो म्हणून कुसाबाईंनी त्याला मोरीमागे एकट्याला नेऊन दुधात भिजवलेली बाजरीची भाकरी दिली. त्याने तिथूनही हाका मारल्या.

"अरे मेल्या, एकदा तरी एकटा खा की!" कुसाबाई कळवळून ओरडल्या. तोवर ताटली साफ झाली होती.

त्याचा त्रास फक्त आशाताईंना झाला. त्या शेजारच्या नव्या रो-हाऊसमध्ये शहरातून राहायला आलेल्या. पिसांची त्यांना भयंकर भीती. कुंपणापाशी येऊन, तोंडावर रुमाल धरून त्या म्हणाल्या, "आजी, तुमचा कोंबडा पहाटे पाचला ओरडतो."

"हां. वेळेचा लय पक्का हाय," कुसाबाई कौतुकाने म्हणाल्या.

प्रकरण वाढू नये म्हणून साधनाने आशाताईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आग्रहाने बोलावलं. त्या आल्यादेखील. जरीची काळी साडी नेसून, पटकन निघता यावं म्हणून दारालगतच्या खुर्चीत बसल्या. बैठकीच्या खोलीत चौदा बायका, अत्तराचा घमघमाट. साधना तबक घेऊन पहिल्याच कपाळाला बोट लावणार, तोच अंगणातून गरीबदासचा आवाज आला. हा रोजचा आवाज नव्हता. कर्कश, घाबरा, एकामागून एक.

आणि उघड्या दारातून कोंबड्या आत आल्या.

एक, दोन, पाच, आठ! मागून पंख पसरून, त्यांना अक्षरशः ढकलत गरीबदास. एक थेट तिळगुळाच्या डब्यात उतरली. एक टीव्हीवर चढली. एक कोणाच्या तरी पदरात शिरली आणि ती बाई सोफ्यावर उभी राहून नाचायला लागली. तबक उडालं. कुंकवाचा लाल ढग वर गेला, त्यामागे हळदीचा पिवळा, आणि दोन्ही सावकाश सगळ्यांच्या डोक्यावर उतरले.

"नववी कुठंय?" कुसाबाई ओरडल्या.

गरीबदासलाही तोच प्रश्न पडला असावा. तो उलटा फिरला आणि बाहेर धावला. कुसाबाई खराटा घेऊन त्याच्या मागे. बागेकडच्या कुंपणातून दोन मुंगसं आत आली होती, आणि त्यांच्यापुढे ती अधू काळी कोंबडी लंगडत पळत होती. ज्याने कधी मांजरावर पंख उगारला नव्हता, तो गरीबदास मधे पडला. दोन्ही पायांनी उडून पुढच्या मुंगसाच्या तोंडावर आदळला. पिसं उडाली, धूळ उडाली, खराटा तीनदा आपटला. मुंगसं पळाली, पण एकाच्या तोंडात गरीबदासची सगळी शेपटी होती.

काळी कोंबडी कुसाबाईंच्या काखेतून घरात आली. गरीबदास पायी आला. उंबऱ्यात थांबून त्याने खोलीभर नजर फिरवली. नऊच्या नऊ होत्या. मग कुठे त्याने स्वतःला टेकायला जागा शोधली. सगळ्यात जवळ आशाताईंची मांडी होती. तो उडाला आणि तिथे जाऊन बसला.

आशाताईंनी डोळे गच्च मिटले होते, दोन्ही हात वर.

"काढा," त्या पुटपुटल्या. "काढा त्याला. काढा ना कोणीतरी."

साधना पुढे सरकली. तेवढ्यात आशाताईंनी एक डोळा उघडला.

"अहो... हा थरथरतोय."

"घाबरलाय बिचारा," साधना म्हणाली.

आशाताईंचा एक हात हळूहळू खाली आला. एक बोट त्याच्या पाठीला लागलं, मग दोन, मग तळवा. "किती गरम आहे अंग," त्या म्हणाल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा हळदीने पिवळाधमक झाला होता. साधनाने तो पाहिला आणि तिला हसू फुटलं. ते कोणालाच आवरेना. सोफ्यावरची बाई हसता हसता खाली घसरली. कुसाबाई खराट्यासकट जमिनीवर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. त्याच वेळी पांढऱ्या कोंबडीने वाणाच्या पाटीत, स्टीलच्या वाट्यांवर, अंडं घातलं आणि मोठ्याने जाहीर केलं.

हळदीकुंकू वेगळं लावायची गरजच उरली नव्हती. पिसं झटकून तिळगूळ वाटला गेला, वाणाच्या वाट्या पुसून दिल्या गेल्या, आणि बायका निघाल्या त्या रस्त्यातही हसत होत्या. फक्त आशाताई उठेनात. गरीबदास त्यांच्या मांडीवर मान पंखात खुपसून झोपला होता. दिवेलागणीला त्यांचे यजमान शोधत आले आणि दारातच थबकले.

"आशा? अगं, हे काय?"

आशाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

कुसाबाईंनी यजमानांना आत घेतलं, टीव्हीवरची कोंबडी खाली उतरवली आणि दोघांसाठी चहा टाकायला आत गेल्या.