पिराची हळद

"रक्त निंगलं! अरे, रक्त निंगलं ना बाप्पा!"

पहिली आरोळी कोणी ठोकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरी, तिसरी आणि पन्नासावी ठोकायला मात्र सोनखेडात माणसांची वाण नव्हती. बोरी अरबच्या बाजाराला निघालेले लोक पिशव्यांसकट तिथेच थबकले. लेकरं बापांच्या खांद्यावर चढली. पिराच्या चौथऱ्यावरचा तो दगड, ज्याला कित्येक पिढ्यांनी हळद फासून पिवळाधमक केला होता, सर्वांदेखत लाल होत होता. लाल ओघळ चौथऱ्यावरून खाली फरशीवर उतरले, तशा पुढच्या बाया किंचाळून मागे सरल्या.

दगडापाशी त्रिकालनाथ महाराज पितळी लोटा उंच धरून उभे होते. महाराज कुठले, हे कोणी विचारलं नव्हतं. मागच्या आठवड्यात पांढऱ्या गाडीतून आले, पुंडलिकराव पाटलांच्या ओसरीवर उतरले आणि गावाला भूत, भविष्य, वर्तमान सांगू लागले. यातलं वर्तमान त्यांना बहुधा पाटलांच्या ओसरीवरच कळत असावं.

"पाहिलंत, भक्तहो?" महाराज गरजले. "हेच गंगाजल आत्ता मारुतीरायावर शिंपडलं. काय झालं? काही नाही! कारण तो शुद्ध. आणि याच्यावर शिंपडलं, तर तुमच्या पूर्वजांचं रक्त बाहेर पडलं! हा कसला संत? हा तलवार घेऊन आला होता. तुमच्या खापरपणज्याला यानं कापलं, आणि तुम्ही लेकीबाळींच्या लग्नाची पहिली हळद यालाच लावता! ज्यांच्या धर्मातच रक्त, त्यांच्या दगडातून काय दूध निघेल?"

पहिल्या हळदीची गोष्ट खरी होती. गावात लग्न असो की बाजूच्या बंजारा तांड्यात, नवरीला लावण्याआधी हळदीचं बोट पिराला लागायचं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा बाहेरून आलेल्या एका मौलवीनं हे धर्मात बसत नाही, बंद करा, असं बजावलं होतं. गावच्या म्हाताऱ्यांनी त्याला पोटभर मलिदा खाऊ घातला आणि एसटीत बसवून दिलं. हळद चालूच राहिली.

गर्दीच्या कडेला सत्तार मास्तर उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. पिराची दिवाबत्ती त्यांच्या घराण्याकडे, पण मास्तरांचा पिरावर कधी विश्वास बसला नाही. पिराच्या दोऱ्यानं पोर होत नाही, यवतमाळच्या दवाखान्यात जा, असं पिरासमोर बसूनच ते बायांना सांगायचे. आणि आज त्याच पिराची वकिली करायची पाळी त्यांच्यावर आली होती.

मास्तरांना खेळ पहिल्या थेंबालाच कळला होता. लोट्याच्या काठावर पाणी सुकून पांढरी पापडी धरली होती. शिवाय डोमाजी कोतवालानं सवयीनं ओंजळ पुढे केली, तेव्हा महाराज झटकन म्हणाले होते, "हे प्यायचं नाही." ओंजळीत न मिळणारं तीर्थ मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पुंडलिकरावांची नजर त्यांच्यावर पडली. उरुसात पहिली चादर पाटलांच्या घरची असायची. दोघांचं बालपण एका बाकावर गेलेलं.

"मास्तर, आता तुम्हीच सांगा," पाटील सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमचा धर्म रक्ताचा, का शांतीचा?"

सगळी तोंडं वळली. इतकी वर्षं या लोकांनी त्यांना पोरांचे निकाल विचारले, तापाच्या गोळ्या विचारल्या, नांगरटीचा दिवस विचारला. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शांतीचा म्हणावं तर गयावया वाटेल, गप्प राहावं तर कबुली ठरेल. इकडे आड, तिकडे विहीर.

"पाटील, धर्माचं मंग पाहू," ते म्हणाले. "हे पाणी चुन्याची निवळी हाय. हळदीवर पडली की..."

"ऐका!" महाराजांनी शब्द वरच्यावर झेलला. "गंगामाईला चुना म्हणतो! देव आपला, तीर्थ आपलं, आणि परीक्षा कोण घेणार? हा?"

मग जो गलका उसळला त्यात मास्तरांचं वाक्य कुठे गेलं ते त्यांनाही कळलं नाही. कोणीतरी त्यांच्या खांद्याला धक्का दिला. वळून पाहिलं तर त्यांचाच विद्यार्थी. आठवीत दोनदा बसलेला.

महाराजांनी फर्मान सोडलं. दिवस मावळायच्या आत मास्तरानं स्वतःच्या हातानं हा दगड उपटावा आणि मुसलमानांच्या चार घरांनी गाव सोडावं. या जागेवर मठ होईल, गाव पापमुक्त होईल. नाहीतर पुढचं देवच पाहील. देव म्हणजे कोण, हे समोरच्या पोरांच्या हातातल्या काठ्यांवरून दिसत होतं.

घरात येऊन मास्तरांनी दार लावलं. बाहेर निंबाखाली पोरं पहाऱ्याला बसली. ज्या घराचं दार दिवसा कधी लागलं नाही, त्याला आज आतून अडसर आणि बाहेरून पहारा. ठाणेदाराला फोन केला, तर बंदोबस्त दुसरीकडे आहे, निघतोच, असं उत्तर आलं. शेजारच्या तीन घरांतल्या बाया लेकरं घेऊन याच घरात येऊन बसल्या होत्या. एक लेकरू पाणी मागत होतं आणि हांडा अंगणात होता. अंगणात जायची कोणाची छाती होईना.

मास्तरांचा मुलगा मुबीन दिग्रसला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा, सुट्टीला घरी आला होता. तो मागच्या खोलीत दबक्या आवाजात फोनवर बोलत होता. मास्तर आत गेले.

"कोणासंग बोलून राह्यला?"

"दोस्त आहेत, अब्बा. दोन गाड्या भरून येतो म्हणतात. त्यांच्याजवळ पण सामान आहे. कितना सब्र करना? आपल्या धर्मात जुलूम सहन करा असं कुठं लिहिलं?"

"अन् तलवार काढा असं कुठी लिहिलं ते तुले त्या पोरांनी दाखवलं असंल. त्या महाराजाले बी तेच पान पाठ हाय."

"मग काय करायचं? दगड उपटायचा?"

मास्तरांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"ऐक. त्यानं दगडातून काढलं ते रक्त नकली हाय. त्याले खऱ्याची गरज हाय. तुह्या दोस्तांनी एकाचं डोस्कं फोडलं, की त्याचं खोटं खरं झालं. मंग जलमभर सांगत बस, की तो चुना होता."

मुबीन भिंतीकडे तोंड करून बसला. पण मास्तरांना स्वतःचंच बोलणं अपुरं वाटलं. पोराला अडवलं, पुढे काय? बाहेर सत्य सांगावं, तर सांगणाऱ्याचं नाव सत्तार.

इतक्यात मागच्या कवाडावर थाप पडली. आतल्या बाया दचकून एकमेकींना बिलगल्या.

"सर, मी व्हय. बबिता."

तांड्यावरची बबिता राठोड, मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. डोळे रडून सुजलेले. तिच्या मुलीचं, ममताचं, लग्न दुसऱ्या दिवसावर आलं होतं.

"सर, व्याह्याचा निरोप आला. म्हणते, पोरीची पयली हळद खुनी पिराले लागली, पोरगी बाटली. वरात आणत नाई म्हणते. मांडव पडला, पाव्हणे आले, अन् पोरगी हळदीच्या अंगानं बसून हाय. काय करू मी?"

मास्तर हळूच म्हणाले, "बबिता, सातवीतला हळदीचा कागद आठवते?"

तिला क्षणभर काही कळलं नाही. मग तिचे डोळे मोठे झाले. हळदीत बुडवून वाळवलेले कागद, त्यांवर साबणाच्या पाण्यानं बोटानं लिहायचं, की अक्षरं लाल उमटायची. साऱ्या वर्गानं एकमेकांची नावं लिहून धिंगाणा घातला होता.

"आई वं!" ती खालीच बसली. "मंग तुमी काहून नाई सांगत?"

"सांगतलं. मी सांगतलं तर ते विज्ञान राहत नाई, आरोपीचा जबाब होते."

बबिता उठली, नाक पदरानं पुसलं आणि आली तशी कवाडातून निघून गेली.

ऊन कलल्यावर पोरांनी मास्तरांना बाहेर काढलं. कोणीतरी त्यांच्या हातात लोखंडी पहार दिली. चौथऱ्यापर्यंतची वाट रोजचीच होती, पण आज दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती आणि कोणी नमस्कार केला नाही. मुबीन मागोमाग आला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या, पण रिकाम्या होत्या. मास्तर दगडासमोर उभे राहिले. पहार उचलली तर पिराला खुनी ठरवल्याचा शिक्का त्यांच्याच हातानं बसणार होता. नाही उचलली, तर घरात कोंडलेल्या लेकरांचं काय होईल ते दिसतच होतं.

"उचल!" महाराज म्हणाले.

"थांबा थोडं!"

गर्दी दुभंगली. बबिता येत होती, आणि तिच्यामागे हळदीनं माखलेली ममता. तिला अशी मांडवाबाहेर आणलेली पाहून बायांनी तोंडाला पदर लावले. बबितानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"महाराज, हे मायी पोरगी. हिची हळद या पिराले लागली, म्हणून सोयरीक मोडून राह्यली. तुमच्या गंगाजलानं पवित्र करा."

महाराजांनी पोरीच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच त्यांची जीभ अडखळली.

"आता... आता मुहूर्त नाही, माई. उद्या या."

"उद्या तं लगन हाय, महाराज! दगडावर शिंपडाले मुहूर्त होता, अन् लेकीवर नाई?"

"शिंपडा ना महाराज," डोमाजी म्हणाला. "पोरीचा जलम हाय." मागून दहा जणांनी त्याचीच री ओढली. महाराजांनी लोटा पाठीमागे नेला. सकाळपासून मास्तर ज्या कोंडीत होते, तिच्यात आता महाराज येऊन उभे राहिले. शिंपडलं तर फजिती, नाही शिंपडलं तर फजिती.

बबितानं फार वेळ घालवला नाही. मागून लोटा हिसकावला आणि लेकीच्या दोन्ही हातांवर अर्धा ओतला.

पिवळे हात लाल झाले. मनगटापासून लाल ओघळ बोटांवरून खाली टपकले. "याडी!" अशी बंजारा बोलीत आईला हाक मारून ममता तिला बिलगली.

"सांगा आता!" बबिता ओरडली. "मायी पोरगी कोणाचा मुर्दा पाडून आली? कोणत्या खापरपणज्याले कापून आली?"

"पिराचं पाप तिला लागलं!" महाराज सावरून ओरडले. "स्पर्शदोष! मी म्हणालोच होतो!"

हे ऐकून काही माना पुन्हा डोलू लागल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय? पण तोच बायांतून पाटलीणबाई विमलताई पुढे आल्या. त्यांच्या हातात बबिताच्या निरोपावरून आणलेला स्वयंपाकघरातला हळदीचा डबा होता.

"हे मायी हळद. ह्या पिराजवळ गेली नाई, चुलीजवळच राह्यली. काल महाराजांनी हिचंच वरण दोनदा मागून खाल्लं." त्यांनी चिमूटभर हळद तळहातावर घेतली आणि बबिताकडे हात केला. "टाक वं."

तळहातही लाल झाला.

पहिलं कोण हसलं कोणास ठाऊक, पण ते हसू पसरत गेलं. "चुना व्हय लेक, चुना! सातवीत नाई का..." "माह्या कागदावर तं तुहंच नाव होतं!" काठ्यावाली पोरं काठ्या पायाशी टाकून एकमेकांना कोपरं मारू लागली. डोमाजीनं सर्वांना कळेपर्यंत समजावून सांगितलं, की मारुतीला नुसता तेल-शेंदूर असतो, त्याला हळद नाही, म्हणून त्याचा रंग बदलला नाही. महाराज या गडबडीत आपल्या गाडीकडे सरकत होते. डोमाजीनंच त्यांना धरून पारावर बसवलं. ठाणेदाराचा बंदोबस्त येईल तेव्हा रिकाम्या हातानं जायला नको.

पुंडलिकराव खाली मान घालून मास्तरांजवळ आले. "मास्तर, साऱ्या गावाले तं हे माहीतच होतं ना. आमच्या पोराईले तुमीच शिकवलं होतं."

"तेच तं दुखून राह्यलं, पाटील," मास्तर म्हणाले. "सकाळी मीच सांगतलं तवा ते चुना नोतं. बबितानं सांगतलं तवा झालं."

ममता अजून आपले लाल हात अंगापासून दूर धरून हुंदके देत होती. मास्तरांनी पहार खाली ठेवली. महाराजांच्या पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, कापलं आणि पोरीच्या हातांवर पिळलं. "चोळ, बेटा."

तिनं चोळलं. लाल रंग विरला आणि हात पुन्हा हळदीचे पिवळे झाले. ममता रडता रडता हसली. बबिता पुटपुटली, "आता व्याह्याच्या समोर बी पिळतो."

"पाटील, तुमी इचारलं होतं, धर्म रक्ताचा का शांतीचा," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "दगडाले इचारू नका, अन् पोथीतलं एक पान फाडून त्याले बी इचारू नका. माणसानं हातात काय घेतलं ते पाहा. मायं पोरगं आज रिकाम्या हातानं आलं, तसं आणाले मले लय जोर लागला. अन् कोणी बी चमत्कार दाखवला, तं दुसऱ्या हळदीवर करून पाहा. इतकंच तं शिकवलं होतं म्या."

मग त्यांनी पिळलेल्या लिंबाची साल सर्वांना दिसेल अशी वर धरली.

"हे रक्त लिंबानं गेलं. आज इथी खरं सांडलं असतं, तं कोणतं लिंबू आणलं असतं तुमी?"

मास्तर वळले आणि घराकडे चालू लागले. अंगणात हांडा तसाच भरलेला होता, आणि आत लेकरू अजून पाणी मागत होतं.