खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, सोनाराकडे सोनं वितळवायची छोटी वाटी असते, ती पाहिली आहे का? तिला मूस म्हणतात. मीही एक जुनी मूसच आहे; फक्त माझ्या नशिबी सोनं नव्हतं, मीठ होतं. आता तर तेही नाही, कारण मी उभी तडकले आहे.

शिरूरच्या एका कॉलेजात प्राचीताईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं. ताई केंदूरच्या. अणुभट्टीसाठी लागणाऱ्या धातूंवर त्यांनी एका मोठ्या संस्थेत कित्येक वर्षं संशोधन केलं होतं. वडील बन्सीआबा अंथरुणाला खिळले, तेव्हा ती नोकरी सोडून त्या गावाकडे आल्या आणि कॉलेजच्या एका खोलीत पुन्हा श्रीगणेशा केला.

काही नव्या अणुभट्ट्यांत इंधन वितळलेल्या मिठात विरघळवून ठेवायचा विचार आहे. पण असलं मीठ भलतं खादाड. ज्या भांड्यात राहील, तेच पोखरतं. त्याला पुरून उरेल असा मिश्रधातू ताईंनी तयार केला होता. त्याच्या मोजक्याच पट्ट्या होत्या. त्या माझ्यातल्या मिठात बुडवून वर्षभर सलग तापवायच्या होत्या. भट्टी विझता कामा नये, बाहेरची दमट हवा आत शिरता कामा नये. पट्ट्या टिकल्या तर मोठ्या संस्थेत पुढची चाचणी होणार होती, नाहीतर अनुदान बंद आणि खोलीला कुलूप.

खरं सांगते, ते माझे सुखाचे दिवस होते. पोटातलं मीठ पाण्यासारखं नितळ दिसायचं. पाहुणे येऊन काचेतून डोकावायचे आणि ताई त्यांना तासन्‌तास समजावून सांगायच्या. वीज गेली तर जनरेटर होता, दमट हवा बाहेर ठेवणारा वायू संपला तर दुसरं सिलिंडर होतं. कॉलेजचे शिपाई गेणबामामा रोज खोली झाडायचे, भट्टी फडक्यानं पुसायचे. त्यांना मात्र ‘हात लावू नका’ यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं.

वर्ष सरत आलं होतं. दुसऱ्या दिवशी विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, म्हणून ताई तयारीसाठी केंदूरला गेल्या. ताई गेल्या त्याच दिवशी खंडेनवमी होती, अवजारांची पूजा करून त्यांना विसावा द्यायचा दिवस. गेणबामामा अंघोळ करून, झेंडूचा हार घेऊन आले. त्यांनी भट्टी बंद केली, वायूची तोटी फिरवली, झाकण उघडलं आणि माझ्या काठाला हळदकुंकू लावलं. मीठ हळूहळू दगडासारखं थिजलं. ते पाहून मामा घाबरले आणि त्यांनी भट्टी पुन्हा चालू केली. ओलावा प्यालेलं मीठ फुगलं, मी तडकले आणि सगळं भट्टीत सांडलं.

संध्याकाळी ताई आल्या, तेव्हा मामा दारातच बसले होते.

“बाई, वरीसभर येकसारखी तापतीया बिचारी. आज ट्रॅक्टरलाबी सुट्टी आसती. म्हनलं, हिलाबी घडीभर इसावा द्यावा.”

“मामा, मला एक फोन तरी करायचा!”

“देवाच्या कामाला काय इचारायचं, म्हनलं. लई मोटं नुकसान झालं का वो?”

ताईंनी चिमट्यानं पट्ट्या बाहेर काढल्या. त्या वाळवी लागल्यासारख्या कुरतडल्या गेल्या होत्या. त्या मिठानं खाल्ल्या की ओलाव्यानं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. “न्हाई मामा, जा घरी,” एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. “सगळ्या जगाला समजावत बसले, यांना तेवढं सांगितलं न्हाई,” असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या.

अनुदान बंद झालं. ताई आता दौंडकडच्या एका साखर कारखान्यात उसाचा रस तपासतात. मी त्यांच्या घरी, बन्सीआबांच्या खाटेच्या वर, भिंतीतल्या फळीवर पडून असते.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर जीव असेल तर तिला काय सोसतं, ते आधी विचारा. आणि तुम्ही काही जपत असाल तर ते का जपता, हे झाडणाऱ्या-पुसणाऱ्यालाही सांगा. माझ्यासाठी मात्र आता उशीर झाला आहे.

आबांना दिसत नाही. ताई कारखान्यातून आल्या की ते विचारतात, “पोरी, भट्टी चालू हाय न्हवं?”

“चालू हाय, आबा,” ताई म्हणतात आणि त्यांच्या अंगावर पांघरूण घालतात.